घरी बांधलेल्या दोन आसनी गाडीत मोटरसायकलचे इंजिन: गिअर, ऑइल आणि रिव्हर्सचे काय करावे?

प्रश्न (कोव्हेंट्रीहून)

नमस्कार मंडळी. मी मूळचा कोल्हापूरचा असून गेली नऊ वर्षे इंग्लंडमध्ये कोव्हेंट्रीला राहतो. घरामागच्या गॅरेजमध्ये मी लोटस सेव्हनच्या धर्तीची दोन आसनी, उघडी गाडी बांधायला घेतली आहे. कॉलिन चॅपमन यांनी १९५७ मध्ये आणलेली सेव्हन सुट्या भागांच्या रूपातही मिळत असे आणि घेणारा ती घरी जोडून त्यावरचा खरेदीकर वाचवत असे. १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅमकडे गेले, पण तिच्यासारखा चौकोनी पाइपचा सांगाडा स्वतः वेल्डिंग करून गाडी बांधण्याची हौस इथे आजही टिकून आहे. माझा सांगाडा २५ मिलिमीटरच्या चौकोनी पाइपचा आहे आणि तो टॅक मारून, म्हणजे वेल्डिंगचे तात्पुरते ठिपके देऊन, उभा केला आहे. पक्के वेल्डिंग मात्र इंजिनाच्या बैठका ठरेपर्यंत मुद्दाम थांबवले आहे.

इंजिन म्हणून मी १९९८ च्या यामाहा आर-वनचे, कार्बोरेटरवाले ९९८ सीसीचे इंजिन घेतले आहे. अपघातात सांगाडा वाकलेल्या गाडीचे हे इंजिन गिअरबॉक्ससह आम्ही दोघांनी हातांनी उचलून गॅरेजमध्ये आणले. जुन्या फोर्डचे इंजिन आणि गिअरबॉक्स असे उचलता आले नसते, आणि मला मोटरसायकलचेच इंजिन का हवे होते त्याचे उत्तर त्यातच आहे. मागे फोर्ड सिएराचा ३.६२ चा डिफरन्शियल (दोन्ही मागच्या चाकांना जोर वाटून देणारा गिअरचा संच) आहे, टायर १८५/६० आर-१३ आहेत आणि तयार गाडीचे वजन ४३० किलोच्या आसपास भरेल असा माझा अंदाज आहे.

इंजिन नेमके कोणत्या बाजूने वळवून बसवायचे आणि स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चाकाच्या) जागी मागे जोर नेणारा दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, जोडल्यावर चाके उलटी तर फिरणार नाहीत ना, ही माझी पहिली शंका आहे. ३.६२ चा डिफरन्शियल योग्य ठरेल का, हेही मला ठरवता आलेले नाही. वळणावर ऑइल एका बाजूला जाऊन इंजिन निकामी होते असे पुष्कळांकडून ऐकले आहे, त्यावर खरा उपाय कोणता? आणि मोटरसायकलच्या गिअरबॉक्सला रिव्हर्स नसतो, त्याचे काय करावे? कोणी स्वतः हे काम केले असेल तर सविस्तर लिहावे, ही विनंती.


पहिले उत्तर (लेस्टरहून)

नमस्कार. मी अशी एक गाडी बांधून सहा वर्षे चालवली आहे आणि त्या काळात एक इंजिन गमावले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

दिशेची शंका आधी सोडवू. मोटरसायकलवर तुमच्या इंजिनाचे स्प्रॉकेट डाव्या अंगाला असते. ते अंग गाडीच्या मागच्या बाजूला येईल असे इंजिन काटकोनात वळवले की सायलेन्सरकडे जाणारे बेंड पाइप गाडीच्या डाव्या अंगाला येतात आणि कार्बोरेटर उजवीकडे येतात. आपल्याकडे आणि इंग्लंडमध्येही चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे तापलेले पाइप चालकापासून दूर राहतात. शिवाय गिअरबॉक्सचा शाफ्ट दोन आसनांमधल्या बोगद्याशी (ज्यातून प्रोपेलर शाफ्ट मागे जातो) जुळवला की इंजिनाचा जड भाग डावीकडे सरकतो आणि एकट्या चालकाच्या वजनाला काही प्रमाणात तोल मिळतो. फिरण्याची दिशाही बरोबर येते. मोटरसायकल पुढे जाताना डावीकडून पाहिले तर स्प्रॉकेट घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते. तेच अंग मागे आल्यावर मागून पाहताना प्रोपेलर शाफ्ट घड्याळाच्या उलट फिरेल, आणि पुढे इंजिन व मागे चालणारी चाके असलेल्या साध्या गाडीतही तो तसाच फिरतो. ज्या इंजिनांचे स्प्रॉकेट उजवीकडे असते, त्यांच्या बाबतीत मात्र सगळे उलट होते, म्हणून दुसरे कोणतेही इंजिन घेण्यापूर्वी हे डोळ्यांनी पाहून घ्यावे.

आता गिअरचा हिशेब. तुमच्या इंजिनात क्रँककडून क्लचकडे येतानाच १.५८१ पट घट होते, पहिला गिअर २.५०० चा आहे आणि सहावा १.११५ चा. मोटरसायकलवर त्यापुढे चेनची २.६८८ पट घट होती, ती आता जाऊन तिच्या जागी डिफरन्शियलची ३.६२ पट घट येते. तुमच्या टायरचा एक फेरा साधारण १.७० मीटरचा धरला तर ११,००० आरपीएमला (मिनिटाला फेरे) सहाव्या गिअरमध्ये गाडी ताशी सुमारे १७६ किलोमीटर जाईल आणि पहिल्या गिअरमध्ये सुमारे ७८ किलोमीटर. मूळ मोटरसायकल पहिल्याच गिअरमध्ये १२० च्या पुढे जात असे. म्हणजे चाकापाशी मिळणारा जोर मोटरसायकलच्या दीडपट झाला, पण स्वारासह जिथे २७० किलो ओढायचे होते तिथे आता चालकासह ५१० किलो ओढायचे आहेत. त्यामुळे प्रत्येक किलोमागचा जोर मूळ मोटरसायकलच्या सुमारे चार पंचमांशच राहतो. त्यात या इंजिनाला गाडीसारखे जड फ्लायव्हील (फिरकी टिकवून धरणारे चाक) नाही. सिग्नलवरून निघताना क्लच जरा लवकर सोडला की इंजिन बंद पडते, आणि उशिरा सोडला की प्लेट जळतात.

३.९२ चा डिफरन्शियल घेतलात तर निघणे सोपे होईल, पण सर्वोच्च वेग १६२ वर येईल. ३.१४ चा घेतलात तर तो २०० च्या पुढे जाईल आणि क्लचचे हाल होतील. माझ्या मते तुमचा ३.६२ चाच ठेवावा. एक गोष्ट मात्र मनाशी धरून ठेवा. मोटरवेवर ताशी ११२ किलोमीटरच्या मर्यादेत जातानाही हे इंजिन सहाव्या गिअरमध्ये ७,००० आरपीएमवर फिरत राहील. दोन तासांच्या प्रवासात हा आवाज सोसत नाही, म्हणून मी लांबच्या प्रवासात कानांत बोळे घालतो. ज्यांना अशी गाडी रोज कामावर न्यायची आहे, त्यांनी गाडीचेच इंजिन बसवावे असे मला प्रामाणिकपणे वाटते.

क्लचला कडक स्प्रिंग लावा. ऑइल मोटरसायकलच्या ओल्या क्लचसाठी चालणारे, म्हणजे डब्यावर जासो एमए लिहिलेले घ्या. गाडीच्या पुष्कळ ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात आणि त्यांनी हा क्लच घसरू लागतो.

ऑइलवर मी सर्वांत जास्त लिहिणार आहे, कारण माझे इंजिन गेले ते ऑइलमुळेच. मोटरसायकल वळणावर झुकते. झुकल्यामुळे गुरुत्वाकर्षण आणि वळणाचा रेटा यांचा एकत्रित जोर मोटरसायकलच्या अंगातूनच खाली जातो, म्हणून ऑइलला इंजिनाच्या तळाशी असलेल्या टाकीत, म्हणजे चेंबरमध्ये, आपण सरळच उभे आहोत असे वाटते. गाडी झुकत नाही. चांगल्या टायरवर वळणाचा रेटा गुरुत्वाकर्षणाइतका झाला की चेंबरमधल्या ऑइलचा पृष्ठभाग ४५ अंशांनी तिरका होतो, ऑइल एका भिंतीवर चढते आणि पिकअपचे (पंपाकडे ऑइल ओढणाऱ्या नळीचे) तोंड उघडे पडते. तेवढ्यात पंप हवा ओढतो आणि कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगवरचा ऑइलचा थर नाहीसा होतो. छोट्या वळणात ऑइल परत येते. लांबलचक वळणात, इथल्या मोठ्या राउंडअबाउटवर किंवा ट्रॅकवर, ते चार-पाच सेकंद तिकडेच राहते, आणि १०,००० आरपीएमला तेवढे सेकंद पुरेसे असतात.

माझ्या बाबतीत ट्रॅकवरच्या तिसऱ्या सत्रात लांब उजव्या वळणातून बाहेर पडताना खालून मंद ठोके ऐकू आले. ऑइलचा दिवा लागून गेला होता, पण तो बारीक होता आणि स्टिअरिंगच्या आड येत होता, त्यामुळे मला दिसलाच नाही. घरी येऊन ऑइल फिल्टर कापला आणि आतला कागद उलगडून उजेडात धरला, तेव्हा प्रत्येक घडीत तांबूस चकाकणारा चुरा बसलेला होता. बोटांवर चोळला तर तो अभ्रकासारखा चिकटला. ते बेअरिंगचे अस्तर होते.

म्हणून चेंबर काढून त्यात पिकअपभोवती आडव्या-उभ्या पत्र्यांची खोली करून घ्या आणि तिला आतल्या बाजूलाच उघडणारी बिजागरीची दारे लावा, म्हणजे ऑइल पिकअपकडे येऊ शकेल पण रेट्याने बाहेर जाऊ शकणार नाही. पातळी वरच्या खुणेपाशी ठेवा. ऑइलच्या दाबाचा खरा काटा लावा आणि त्यासोबत डोळ्यांसमोर येईल असा मोठा लाल दिवा लावा. रस्त्यावरच्या टायरवर एवढे पुरते. रेसचे मऊ टायर लावायचे असतील तर ऑइल वेगळ्या टाकीत ठेवणारी ड्राय संपची रचनाच करावी लागेल, आणि ती स्वस्त नाही.


दुसरे उत्तर (पुण्याहून)

मी कॉलेजात असताना फॉर्म्युला स्टुडंटच्या (विद्यार्थ्यांनी रेसची गाडी बांधण्याच्या स्पर्धेच्या) गाडीवर तीन वर्षे काम केले आणि आता वाहनांच्या सुट्या भागांच्या क्षेत्रात नोकरी करते. आमच्या स्पर्धेच्या नियमांनुसार इंजिन ७१० सीसीपर्यंतचे चालते आणि पेट्रोल इंजिनाला हवा २० मिलिमीटरच्या अरुंद तोंडातूनच घ्यावी लागते. आपल्याकडचे अनेक संघ केटीएम ३९० चे ३७३ सीसीचे एक सिलिंडरचे इंजिन वापरतात, कारण ते इथेच चाकणला तयार होते आणि त्याचे भाग हाताशी मिळतात.

आमच्या गाडीत इंजिन चालकाच्या मागे, मोटरसायकलमध्ये असते तसेच आडवे बसते आणि चेन थेट डिफरन्शियलवरच्या मोठ्या स्प्रॉकेटवर जाते. ही मांडणी जुनी आहे. १९४६ मध्ये इंग्लंडमधील सर्बिटन येथे चार्ल्स आणि जॉन कूपर या पितापुत्रांनी फियाट टोपोलिनोचे दोन पुढचे भाग पाठीला पाठ लावून जोडले आणि मागे जेएपीचे ५०० सीसीचे मोटरसायकल इंजिन बसवले. चेन लहान राहावी म्हणून इंजिन चालकाच्या मागे गेले. १९५० पासून ५०० सीसीचा तोच वर्ग आंतरराष्ट्रीय फॉर्म्युला थ्री झाला, आणि १९५९ मध्ये जॅक ब्रॅबहॅम यांनी मागे इंजिन असलेल्या कूपरमध्येच विश्वविजेतेपद मिळवले. मोटरसायकलच्या चेनपायी ठरलेली जागा पुढे ग्रां प्रीच्या गाड्यांनीही धरली, याचे मला आजही फार अप्रूप वाटते. तुमचा सांगाडा मात्र पुढच्या इंजिनासाठी आखलेला आहे, तेव्हा चेनच्या मोहात न पडता प्रोपेलर शाफ्टच ठेवावा.

त्या शाफ्टविषयी दोन गोष्टी सांगते. वरच्या हिशेबातले आकडे घेतले तर सहाव्या गिअरमध्ये ११,००० आरपीएमला तो सुमारे ६,२०० आरपीएमने फिरेल, आणि तोही तुमच्या मांडीपासून वीतभर अंतरावर. एका तुकड्यातला लांब शाफ्ट या वेगाला वाकून थरथरू लागू शकतो, म्हणून दोन तुकडे करून मध्ये बेअरिंग द्या, समतोल करून घ्या आणि दोन्ही टोकांना जाड पट्टीची कडी लावा, जेणेकरून सांधा तुटला तरी शाफ्ट बोगद्यातच राहील. शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणारा खाचांचा सांधा, म्हणजे सरकणारा स्प्लाइन, सहज सरकतो ना, तेही पाहा. तो अडकला तर इंजिन किंवा डिफरन्शियल बैठकीवर हलताना शाफ्ट गिअरबॉक्सच्या बेअरिंगला आत ढकलत राहतो, आणि ते बेअरिंग चेनची बाजूची ओढ सोसण्यासाठी बनवलेले असते, लांबीच्या दिशेच्या ढकलण्यासाठी नव्हे.

बैठकांसाठी इंजिनाच्या कवचावरची मोटरसायकलचीच बोल्टची भोके वापरा, नवी भोके पाडू नका. आमच्या एका वर्षीच्या गाडीत मागच्या बैठकीचा ब्रॅकेट आम्ही सरळ कापलेल्या पट्टीचा केला होता आणि वेल्डिंगच्या कडेला गोलाई दिली नव्हती. २२ किलोमीटरच्या एंड्युरन्स शर्यतीनंतर आम्ही त्यावर भेगा शोधणारा लाल रंग लावला, पुसला आणि वर पांढरी फवारणी केली, तेव्हा टाक्याच्या अगदी कडेने केसाइतकी बारीक लाल रेघ उमटली. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच दिसत नव्हते. तुमचे चार सिलिंडरचे इंजिन आमच्या एका सिलिंडरपेक्षा पुष्कळ शांत असेल, तरीही बैठकांना त्रिकोणी आधार द्या आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर त्या तपासा.

कार्बोरेटर ठेवणार असाल तर इंजिन मोटरसायकलवर ज्या कलाने होते त्याच कलाने बसवा, नाहीतर त्यातल्या फ्लोटची (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) पातळी बिघडते. हवा आत घेणारी मूळ पेटी, म्हणजे एअरबॉक्स, बॉनेटखाली मावत असेल तर तोही ठेवा. तो काढला की कार्बोरेटरमधले पेट्रोल सोडणारे जेट बदलत बसावे लागते.


उपप्रश्न (सांगलीहून)

ताई, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मोटरसायकलचे इंजिन लावलेली अशी गाडी आपल्याकडे बांधून आरटीओची नोंदणी मिळू शकते का? घरी वडिलांचे वेल्डिंगचे वर्कशॉप आहे, त्यामुळे सांगाडा करणे अवघड नाही.


उत्तर (पुण्याहून)

रस्त्यासाठी नको, असेच मी सांगेन. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकात उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तीच भूमिका स्पष्ट केली. पूर्णपणे नवी गाडी म्हणाल, तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ खाली तिच्या नमुन्याला एआरएआयसारख्या वाहन तपासणाऱ्या संस्थेची मंजुरी लागते, आणि ती व्यवस्था कारखान्यांसाठी आहे. वडिलांचे वर्कशॉप आहे हे तुझे मोठे भाग्य आहे. ते कसब घेऊन तुझ्या कॉलेजच्या फॉर्म्युला भारत किंवा सुप्रा एसएईच्या संघात जा. संघ नसेल तर उभा कर. तिथे हेच काम बंदिस्त ट्रॅकवर, तपासनिसांच्या नजरेखाली आणि नियमात राहून करता येते.


तिसरे उत्तर (बर्मिंगहॅमहून)

रिव्हर्सचा मुद्दा राहिला आहे, तो मी घेतो. ब्रिटनच्या १९८६ च्या बांधणी आणि वापर नियमांप्रमाणे रिकामे वजन ४१० किलोपेक्षा जास्त असलेले मोटार वाहन पुढे आणि मागे दोन्हीकडे चालवता आले पाहिजे. तुमचा अंदाज ४३० चा आहे, म्हणजे रिव्हर्स लागणारच. कागदावर वीस किलो कमी करून त्यातून सुटण्याचा विचार मनात आला असेल तर तो सोडून द्या. आपण वजन नेहमी कमीच धरतो, आणि रंग, तारा, बोल्ट, रेडिएटरमधले पाणी हे सगळे नंतर काट्यावर दिसते.

दोन मार्ग आहेत. एक म्हणजे प्रोपेलर शाफ्टच्या वाटेत बसणारा गिअरचा रिव्हर्स बॉक्स, क्वेफ कंपनीचा इथे पुष्कळ जण वापरतात. तो भक्कम असतो आणि चढावरही गाडी मागे नेतो, पण महाग असतो, वजन वाढवतो आणि शाफ्टसाठी उरलेली लांबी खातो. दुसरा मार्ग म्हणजे स्टार्टरसारखी विजेची मोटर आणि प्रोपेलर शाफ्टवर बसवलेली दातेरी रिंग. इंजिन न्यूट्रलमध्ये ठेवून बटण दाबले की मोटर शाफ्ट उलटा फिरवते. मी हाच मार्ग घेतला. माझी एकच सूचना आहे. मोटरच्या रिलेची तार गिअरबॉक्सच्या न्यूट्रल स्विचमधून न्या, म्हणजे गाडी गिअरमध्ये असताना चुकून बटण दाबले गेले तरी काही होणार नाही. मोटरसायकलची छोटी बॅटरी यासाठी पुरत नाही, गाडीचीच घ्यावी लागते. सपाटीवर ही मोटर गाडी व्यवस्थित मागे घेते. चढावर मात्र ती धापा टाकते, त्यामुळे गाडी कुठे उभी करायची याचा विचार आधीच करावा लागतो.

आयव्हीए, म्हणजे घरी बांधलेल्या गाडीला रस्त्यावर आणण्यापूर्वी लागणाऱ्या मंजुरीच्या, तपासणीला जाताना इंजिनाचे वय सिद्ध करणारा कागद सोबत ठेवा, कारण धुराची चाचणी इंजिनाच्या वयानुसार ठरते. आवाजाची मर्यादा ९९ डेसिबल आहे. आखूड सायलेन्सर दिसायला सुंदर दिसतो, पण मी त्याच्यापायी एकदा नापास होऊन आलो आहे. रेडिएटरसाठी इथे बहुतेक जण फोक्सवॅगन पोलोचा वापरतात. तो नाकाच्या मापात बसतो आणि थंडावाही पुरेसा देतो.


प्रश्नकर्त्याचे उत्तर (कोव्हेंट्रीहून)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री इंजिन लाकडी ठोकळ्यांवर ठेवून सांगाड्यात उतरवले. बेंड पाइपची तोंडे डावीकडे आली आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट बोगद्याच्या मध्यरेषेपासून १२ मिलिमीटर डावीकडे आहे. उजवीकडे सरकवावे तर क्लच केबलचा हात बोगद्याच्या पाइपला लागतो. चेंबरचा तळ सांगाड्याच्या खालच्या पाइपपेक्षा ३५ मिलिमीटर खाली उतरतो. ३.६२ चा डिफरन्शियल ठेवायचे पक्के केले आहे आणि रिव्हर्ससाठी विजेची मोटर घेणार आहे. शाफ्टचे १२ मिलिमीटर आणि चेंबरचे ३५ मिलिमीटर, यांतले काय सोसावे आणि काय दुरुस्त करावे?


उत्तर (लेस्टरहून)

१२ मिलिमीटर सोसा. गिअरबॉक्सचा शाफ्ट आणि डिफरन्शियलचा पिनियन (शाफ्ट जिथे जोडतो तो गिअर) एकमेकांना समांतर असले तर दोन्ही टोकांच्या सांध्यांचे कोन सारखे राहतात आणि थरथर येत नाही. म्हणून इंजिन तिरके करून मध्यरेषा गाठण्याचा प्रयत्न करू नका, तसेच समांतर राहू द्या.

३५ मिलिमीटर मात्र सोसू नका. इथले गतिरोधक १०० मिलिमीटर उंचीपर्यंत असू शकतात आणि तुमच्या गाडीत सर्वांत खालचा भाग ऑइलने भरलेले पातळ अ‍ॅल्युमिनियमचे चेंबर असेल. इंजिन वर उचलण्यास जागा आहे का ते आधी पाहा. बॉनेटला फुगवटा आला तरी चालेल. जागा नसेल तर चेंबर कापून उथळ करून घ्या, पण पिकअपही तेवढाच आखूड करा आणि कमी झालेली जागा बाजूला रुंदी वाढवून भरून काढा, म्हणजे ऑइलचे प्रमाण मूळचेच राहील. आतल्या दारांचे काम त्याच वेळी करून घ्या, चेंबर दोनदा उघडावे लागू नये. माप घेताना टायरमध्ये हवा भरलेली असू द्या, पेट्रोलच्या टाकीच्या जागी तेवढेच वजन ठेवा, दोन्ही आसनांवर माणसे बसवा आणि मगच चेंबरखालून पट्टी सरकवून पाहा. पक्के वेल्डिंग त्यानंतर करा.